शरीराचा तोल आणि जुनाट दुखणी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून एका शिक्षकाने पाठदुखी, मानदुखी आणि गुडघेदुखीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. परंतु वर्गात हजेरी घेताना हा विषय माझ्यासमोर वारंवार येतो. नववीतला एक मुलगा सहामाहीनंतर शाळेत दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात आणि कंबर धरल्यामुळे दोन महिने अंथरुणावर पडून आहेत. घरात मिळवते कोणी नाही, म्हणून मुलगा एका दुकानात कामाला लागला. वडिलांची कंबर धरली आणि मुलाचे शिक्षण थांबले. असे प्रसंग आपल्या सांगली-सातारा भागात थोडे नाहीत. म्हणून हा विषय जितका दवाखान्याचा, तितकाच शाळेचाही आहे असे मी मानतो.

आपला समाज प्रामुख्याने हाताने आणि अंगमेहनतीने मिळवून खाणारा आहे. बागवान भाजी-फळांच्या पाट्या उचलतात. शिकलगार हत्यारांना धार लावतात. पिंजाऱ्यांच्या कित्येक पिढ्या एका हातात कमान धरून दुसऱ्या हाताने ठोके देण्यात गेल्या. विट्यासारख्या गावी यंत्रमागावर माणसे तासन् तास उभी असतात. आपल्या भगिनी शिवणयंत्रावर मान खाली घालून बसतात. यांतील बहुतेक कामे एकाच बाजूला, एकाच ठेवणीत, वर्षानुवर्षे केली जातात. मग चाळिशीच्या आतच कोणाची मान, कोणाचा खांदा, कोणाची कंबर बोलू लागते. आपण म्हणतो, "वय झालं," किंवा "नशिबात होतं." दुकानातून गोळी आणतो आणि पुढे चालू लागतो. हे दुखणे येते कसे आणि आले की जात का नाही, एवढाच प्रश्न मी आज आपल्यासमोर ठेवणार आहे.

मिरजेचे उदाहरण घेऊ. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे साऱ्या देशात जातात. तलवारी आणि इतर हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला हाती घेतली. फरीदसाहेबांचे नाव त्यात प्रथम घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुरा करणारा कारागीर दांडीचे लाकूड फार पारखून घेतो. कारण तारा चढवल्या की त्या दांडीला सतत ओढत राहतात. लाकूड कच्चे असेल, तर दांडी हळूहळू वाकते आणि वाद्य बेसूर होते.

आपला पाठीचा कणाही असाच ताणाखाली उभा आहे. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी स्नायू त्याला ओढून धरतात. मांडवाच्या खांबाला चारी बाजूंनी तणावे बांधतात तसे. एक तणावा फार आवळला आणि समोरचा सैल पडला, तर खांब कलतो. मात्र एक फरक आहे. दांडी वाकली तर ती कारागिरालाच दुरुस्त करावी लागते. शरीराच्या तारा मात्र शरीर स्वतःच क्षणोक्षणी जुळवीत असते. ही जुळवणी ज्या यंत्रणेने होते तिला आपण शाळेत 'प्रतिक्षिप्त क्रिया' म्हणून शिकतो.

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या पुस्तकातले उदाहरण आठवा. तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि चटका बसल्याचे नंतर कळते. त्वचेकडून संदेश मज्जारज्जूकडे जातो आणि मेंदूच्या हुकुमाची वाट न पाहता तेथूनच स्नायूला आज्ञा सुटते. डॉक्टर गुडघ्याखाली लहान हातोडी मारतात तेव्हा पाय आपोआप उडतो, तोही असाच प्रकार. हातोडीने मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, त्याच्यातील ताण मोजणारे सूक्ष्म तंतू वर्दी देतात आणि स्नायू आकसतो. ही केवळ तपासणीतली गंमत नव्हे. आपण उभे असताना हीच क्रिया अखंड चालू असते. घरी एका पायावर उभे राहून पाहा. घोट्यापाशी बारीक बारीक हालचाली जाणवतील. आता डोळे मिटा. शरीर लगेच डोलू लागेल. स्नायू, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे, या तिघांच्या वर्दीवर आपला तोल टिकून असतो.

या क्रियांचा पाया इंग्लंडचे शास्त्रज्ञ सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी घातला. त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी दाखवून दिलेला एक नियम आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. एक स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला आपोआप सैल होण्याची आज्ञा जाते. दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघांनी ओढले, तर दार उघडणार कसे? म्हणून एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने सोडायचे, अशी ही शिस्त आहे.

आता पायात बाभळीचा काटा मोडल्याची कल्पना करा. तो पाय झटकन वर उचलला जातो, आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन सारा भार घेतो. या दोन्ही आज्ञा मज्जारज्जूच देतो. त्या नसत्या तर आपण काट्यावरच पडलो असतो. पुढे काटा खोल गेला, पाय आठ-पंधरा दिवस दुखला, तर माणूस लंगडतो. भार दुसऱ्या पायावर पडतो, कमरेची एक बाजू अधिक राबते, खांदा कलतो. हेही शहाणपणाचेच आहे, कारण जखमेला विसावा मिळतो. अडचण पुढे येते. काटा निघतो, जखम भरते, तरी काही जणांचे लंगडणे जात नाही. शरीराला त्या चालीची सवय लागलेली असते. क्षणभरासाठी उभा केलेला पहारेकरी महिनोन् महिने दारात उभा राहतो आणि घरच्यांनाच ये-जा करू देत नाही. बरीच जुनाट दुखणी या जातीची असतात.

गुडघ्याचे उदाहरण तर घरोघरी आहे. गुडघ्याला सूज आली, की मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारी आज्ञा मज्जारज्जूतच दबते. स्नायू पूर्ण जोर लावत नाही आणि हळूहळू रोडावतो. मग जिना चढताना सारा भार सांध्यावर येतो, दुखणे वाढते, म्हणून आजीबाई चालणे कमी करतात आणि स्नायू आणखी बारीक होतो. कमरेचेही तसेच. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले, की पाठदुखीचा झटका आल्यावर मणक्यालगतचा एक खोल स्नायू बारीक होतो आणि दुखणे थांबले तरी तो आपोआप पूर्ववत होत नाही. वरचे मोठे स्नायू मात्र भीतीने ताठ राहतात. ज्याने राबायचे तो निजतो आणि ज्याने अधूनमधून हात लावायचा तो दिवसभर राबतो.

मानेच्या बाबतीत व्लादिमीर यांडा या चेक वैद्याने अशीच एक जोडी सांगितली. पुढे वाकून काम करणाऱ्याच्या छातीचे आणि मानेच्या मागचे स्नायू आवळतात, तर मानेच्या पुढचे खोल स्नायू आणि पाठीच्या मधले स्नायू दुबळे पडतात. डोके सुमारे पाच किलोचे असते. ते खांद्यांच्या वर असले तर त्याचे ओझे कळत नाही. पुढे झुकले तर मागच्या स्नायूंना ते सतत धरून ठेवावे लागते. पाण्याची कळशी कमरेशी धरणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक आहे, तोच येथेही आहे. शिवणयंत्रावरची बहीण आणि मोबाईलमध्ये डोके घातलेला तिचा मुलगा, दोघांच्या मानेवर हाच भार आहे.

परंतु येथे अर्धवट ज्ञान घेऊन घरी जाऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बांधा वाकडा म्हणजे दुखणे ठरलेलेच, असे नाही. खांदे पुढे झुकलेली कित्येक माणसे आयुष्यभर ठणठणीत असतात आणि ताठ चालणाऱ्यांचीही पाठ दुखते. दोन्ही पायांच्या लांबीत किंचित फरक असणे अगदी सर्वसाधारण आहे. आपण एम.आर.आय.चा कागद पाहून घाबरतो. मात्र २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, काहीही दुखत नसलेल्या वीस वर्षांच्या माणसांपैकी सुमारे ३७ टक्के आणि ऐंशी वर्षांच्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील चकत्यांत झीज दिसते. केस पांढरे व्हावेत तशी ही आतली झीज असते. कागदावर 'झीज' हा शब्द दिसला म्हणून आयुष्यभर भिऊन वागण्याचे कारण नाही.

मग दुखते का? वेदना म्हणजे केवळ जखमेची मोजणी नव्हे. वेदना हा मज्जासंस्थेने दिलेला धोक्याचा इशारा आहे. जखम भरायला बहुधा काही आठवडे लागतात. तीन महिन्यांच्या वर टिकते ते जुनाट दुखणे, अशी वैद्यकातील समजूत आहे. इतका काळ इशारा वाजत राहिला, की मज्जासंस्था अधिकाधिक हळवी होते. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली दाखवले, की मज्जारज्जूतील पेशीच वेदनेच्या बाबतीत तीव्र होतात. मग साधा स्पर्श, साधी हालचालही दुखू लागते. झोप न लागणे, कर्जाची चिंता, "आता मी कामातून गेलो" ही भीती, यांनी हा हळवेपणा वाढतो. दुखणे खोटे असते असा याचा अर्थ नाही. ते पुरेपूर खरे असते. म्हणून ज्याचा फोटो चांगला आला त्याला "तुला काही झालेलं नाही, ढोंग करतोस" असे म्हणणे हा अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या यादीत जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे, हे घरातल्या अशा माणसाला जरूर सांगावे.

सुरुवातीला सांगितलेल्या हमाल बांधवांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. ते पडून होते, कारण "हललो तर मणका सरकेल" असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. अखेर मुलाने त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. तपासणीत गंभीर काही निघाले नाही. तेथील डॉक्टरांनी पडून राहणे बंद करून रोज थोडे थोडे चालायला सांगितले आणि व्यायाम दाखवले. काही आठवड्यांनी ते कामावर गेले, पण पूर्वीइतके ओझे आता उचलत नाहीत. मुलगा शाळेत परत आला. त्याचे वर्ष मात्र गेले ते गेलेच. दोन महिन्यांची विश्रांती हे औषध नव्हते. पहारेकऱ्याला आणखी दोन महिने दारात बसवणे होते.

अर्थात, सारा दोष माणसाच्या अंगावर आणि त्याच्या सवयीवर टाकणे बरोबर नाही. कामाच्या जागी शंभर किलोचे पोते पाठीवर देऊन "नीट वाकून उचल" असा उपदेश करणे ही चेष्टा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. आपल्या राज्यात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. हमाल बांधवांनी आपली नोंदणी आणि हक्क यांची माहिती ठेवावी. ते वाचून सांगण्याचे काम त्यांच्या शिकलेल्या मुलांचे आहे.

ओझ्यावरून दप्तराची आठवण होणे साहजिक आहे. साहित्यिक आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य असताना त्यांनी आपल्या भाषणात मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा प्रश्न मांडला होता. पुढे यशपाल समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९९३ साली आला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ च्या निर्णयाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे ठरवले, आणि केंद्राच्या २०२० च्या धोरणातही तीच मर्यादा आहे. तीस किलोच्या मुलाचे दप्तर तीन किलोपेक्षा जड नको. आज घरी गेल्यावर दप्तर तराजूत घालून पाहा. पुष्कळ वेळा जादा वजन पुस्तकांचे नसते. न लागणाऱ्या वह्या आणि पाण्याच्या भरलेल्या मोठ्या बाटलीचे असते. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाठीला लागून असावे.

शिक्षक म्हणून आणखी तीन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली, मूल सतत मान एका बाजूला कलती ठेवत असेल, तर त्याला "सरळ बस" म्हणून धपाटा घालू नका. डोळ्यांची पातळी राखण्यासाठी मान आपोआप कलते. कदाचित त्याला फळ्यावरचे नीट दिसत नसेल. आधी डोळे तपासा. दुसरी गोष्ट मुलींची. दहा ते पंधरा वर्षांच्या वयात पुष्कळ मुली संकोचाने खांदे पुढे घेऊन चालतात. त्यांना चारचौघांत टोकू नका. त्यांना मैदान द्या, खेळू द्या, म्हणजे बांधा आपोआप खुलतो. तिसरी, याच वयात काही मुलांच्या, विशेषतः मुलींच्या कण्याला बाक येतो. मूल पुढे वाकले असता पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तो दोष बसण्यामुळे किंवा दप्तरामुळे होत नाही, पण वेळेवर लक्षात आला तर उपचार सोपे जातात.

आता उपाय. ते खर्चाचे नाहीत. पहिला उपाय म्हणजे एका ठेवणीत फार वेळ राहू नये. "ताठ बसा" यापेक्षा "बदलत बसा" हा उपदेश अधिक खरा आहे. शिवणयंत्रावर अर्ध्या तासाने उठावे, हात वर करून छाती उघडावी, चार पावले चालावे. अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक धड्यानंतर उठावे. वर्गात तास संपल्याची घंटा झाली की मुलांना उभे करण्याचा प्रघात मी ठेवला आहे. त्याला एक मिनिटही लागत नाही.

दुसरा उपाय, ज्या बाजूने काम करतो तिच्या उलट बाजूलाही काम द्यावे. पाटी कधी उजव्या, कधी डाव्या हाताने उचलावी. ओझे उचलताना ते अंगाजवळ घ्यावे, गुडघे वाकवावेत, आणि ओझ्यासह कंबर पिळू नये. कंबर गोल न करता जांघेतून वाकणे आपल्याला नवीन नाही. रुकूमध्ये पाठ सपाट ठेवून आपण तसेच वाकतो.

तिसरा उपाय, निजलेल्या स्नायूला जागे करावे. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांनी खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा आणि सावकाश खाली घ्यावा. दहा वेळा एका पायाने, दहा वेळा दुसऱ्याने, दिवसातून दोनदा. ज्यांना सजद्याला बसता येत नाही आणि जे खुर्चीवर नमाज अदा करतात, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. धर्मात सवलत आहे. मात्र उरलेला दिवसही खुर्चीतच जाऊ नये एवढे पाहावे.

चौथा उपाय धीराचा. चालणे आणि व्यायाम थोड्यापासून सुरू करून रोज किंचित वाढवावा. सुरुवातीला थोडे दुखेल. ते दुखणे बहुधा इजेचे नसते, पहारेकऱ्याच्या संशयाचे असते. रोज थोडे चालून त्याची खात्री पटवायची आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या तालमींत वस्ताद पहिल्याच दिवशी शंभर जोर काढायला लावत नाहीत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिम्पिक पदक मिळवले, ते वर्षांच्या मेहनतीवर.

पाचवी सूचना वेदनाशामक गोळ्यांविषयी. डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने त्या घेतल्या, तर जठराला व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी विशेष जपावे.

आणि शेवटी इशारा. पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तरीही विलंब नको. मणक्याचा क्षय आपल्या देशात अजून आढळतो आणि तो औषधांनी बरा होतो. वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून हा परिसर वैद्यकासाठी प्रसिद्ध आहे. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढी सोय दाराशी असताना हाड बसवणाऱ्याच्या हाती मान देणे शहाणपणाचे नाही.

पालकहो, मुलांना शिकवण्यासाठी आपण आपली शरीरे झिजवता, याची जाणीव आम्हा शिक्षकांना आहे. म्हणूनच विनंती करतो, की आपले दुखणे 'चालायचेच' म्हणून अंगावर काढू नका. विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर अब्बांना किंवा अम्मीला एकच प्रश्न विचारा, "आपलं काय दुखतं, आणि किती दिवसांपासून?" उत्तर तीन महिन्यांच्या वर असेल, तर येत्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर थोडे चालायला जा.